शेगडी खालीच राहू द्या!

डोंबिवलीकराला थंडी ठाऊक नाही, असे म्हटले तर शेजारीपाजारी रागावतील. पण पहाटेच्या लोकलची खिडकी ओढून घेतली की आपली थंडी संपते, हे खरे आहे. म्हणून फराळाचे डबे रिकामे होताच मुरबाडमार्गे माळशेजकडे मुक्कामाला निघालेली मंडळी पाहिली, की माझ्यातला मास्तर गप्प बसत नाही. माळशेजचा माथा सुमारे सातशे मीटरांवर आहे. हजार मीटर चढले की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे केवळ उंचीपायी चार-साडेचार अंशांचा फरक, वारा वेगळाच!

हल्ली मोटारीच्या टपावर उघडणारे तंबू निघाले आहेत. शिडी चढा आणि गादीवर पडा. विंचूकाट्याचे भय नाही. या हौसेला मी नावे ठेवीत नाही. माझे भांडण आहे ते त्या शिडीवरून वर जाणाऱ्या शेगडीशी.

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा मित्राबरोबर असाच गेला. धूर सरला, निखारे लाल झाले, आता कसली भीती, म्हणून शेगडी आत घेतली आणि तंबू बंद केला. मध्यरात्री मित्राला मळमळून जाग आली. डोके फुटत होते. त्याने तंबू उघडून भाच्याला कसेबसे खाली उतरवले, तेव्हा पोराला उभेही राहवेना. वाचला, एवढेच. घरी मात्र ‘अपचन झाले’ म्हणून सांगितले!

धूर गेला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. गॅसची शेगडीही याला अपवाद नाही.

यावर उत्तर येते, “आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायचीच की!” असायची. पण त्या घरावर कौले होती, कौलांना फटी होत्या. तिथेही दार घट्ट लावणे धोक्याचेच होते. मेणकापडासारख्या तंबूत वारा कुठून शिरणार? आजीची शेगडी उचलायची आणि आजीचे छप्पर विसरायचे, ही कसली परंपरा?

मग ऊब कशी राखावी? टपावरच्या तंबूत थंडी खालून येते. त्याची अर्धी फळी मोटारीबाहेर अधांतरी असते आणि तिच्याखालून वारा वाहतो. म्हणून आधी अंगाखाली घोंगडी घाला, मग अंगावर. झोपताना दिवसाचे घामट कपडे बदला. कोरडे लोकरीचे मोजे आणि कानटोपी चढवा. गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून पायाशी घ्या. आणि खिडकी थोडी उघडीच ठेवा. बंद तंबूत श्वासाची वाफ छताला लागून थेंब होते, अंथरूण ओलावते, आणि ओले अंथरूण ऊब धरीत नाही.

शेगडीभोवती खाली बसून गप्पा मारा, पिठलेभाकरी खा. पण वर चढण्यापूर्वी तिच्यावर पाणी ओता.

यंदा भाचा पुन्हा निघाला आहे. मी त्याला अडवले नाही. माझी घोंगडी दिली आणि शेगडी ठेवून घेतली.