संस्कार धर्माचा, हक्क नागरिकाचा

समलिंगी विवाहाचा प्रश्न निघाला की आपल्याकडील चर्चा कायद्यापासून सुरू होते आणि धर्मापाशी येऊन थांबते. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी विवाह हा करार नसून संस्कार आहे, अशी भूमिका मांडली. पाठोपाठ जमियत उलेमा-ए-हिंदनेही सर्वोच्च न्यायालयात धर्माच्याच आधारे विरोध नोंदविला. एरवी क्वचितच सहमत होणारे पक्ष येथे एक झाले.

श्रद्धावंतांना मत मांडण्याचा अधिकार आहे, याविषयी वाद नाही. मंदिरात, मशिदीत वा चर्चमध्ये कोणाचा विवाह लावावा, हे त्या त्या धर्माने ठरवावे. परंतु मुख्य मागणी होती ती १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालील नोंदणीची. या कायद्याला सप्तपदी लागत नाही, निकाहही लागत नाही. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार पुरतात. जेथे संस्काराचा दावाच नाही, तेथे संस्काराचा आक्षेप कसा लागू पडावा?

विवाहाला आर्थिक बाजूही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थखात्याने अशा जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडण्यास व परस्परांचे नामनिर्देशन करण्यास आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले, हे योग्यच झाले. मात्र नामनिर्देशित म्हणजे वारस नव्हे. मृत्युपत्र केलेले नसेल, तर वीस वर्षे एकत्र राहिलेला जोडीदार हातकणंगल्याच्या चावडीत परकाच ठरेल आणि सातबाऱ्यावर कधी न फिरकलेल्या पुतण्याचे नाव चढेल. कुटुंब निवृत्तिवेतनाचीही तीच गत.

करवीर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा आणि १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा केला, तेव्हाही रूढीचा कौल विरुद्धच होता. त्या कायद्यांनी जातीबाहेर लग्न करण्याची सक्ती कोणावर केली नाही. ज्यांनी ते केले, त्यांच्या संसाराला कायद्याचे छत्र दिले.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा विषय संसदेचा ठरविला. त्यापूर्वी एप्रिल २०२२ मध्ये सुप्रिया सुळे यांनी मांडलेले खासगी विधेयक सतराव्या लोकसभेच्या विसर्जनाबरोबर रद्द झाले. संसदेने धर्ममते अवश्य ऐकावीत. परंतु या नोंदणीने दुसऱ्या कोणाचा कोणता हक्क हिरावला जातो, हे सांगण्याची जबाबदारी विरोधकांवर टाकावी. समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत या नागरिकांना ताटकळत ठेवण्याचे कारण नाही.