गर्जनेतला गळा

भोपाळातील जुन्या मराठी घरांतून अलीकडे एक तक्रार वारंवार कानी येते. मुलगा पाच-सहा वर्षे गाणे शिकला, आणि आता विजेची गिटार घेऊन खोलीचे दार लावून बसतो. आतून जे ऐकू येते त्यास संगीत म्हणावे काय? मी गाणे शिकवतो, म्हणून पालक हा प्रश्न माझ्याकडे आणतात. माझे वडील संस्थानी दरबाराच्या अखेरच्या वर्षांत, कोवळ्या वयात नोकरीस लागलेले गवई, आणि मी त्यांचे उतारवयातले अपत्य. तेव्हा मी कानांवर हात ठेवीन अशी या मंडळींची अपेक्षा असते. तिला मी उतरत नाही. मुले ऐकतात त्यांपैकी एक संग्रह मी तीन-चारदा नीट बसून ऐकला आहे.

तो मुंबईच्या 'डिमॉनिक रिझरेक्शन' या वाद्यवृंदाचा. साहिल मखिजा यांनी २००० साली तो उभा केला, आणि २०१७ साली त्यांचा 'दशावतार' निघाला. दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराचे एक. शब्द इंग्रजी, नावे आपल्या आजीच्या तोंडची! या संगीतास 'मेटल' म्हणतात. त्याची 'मेटलकोअर' ही शाखा अमेरिकेत वाढली. 'किलस्विच एंगेज' या मंडळींच्या २००४ च्या 'दि एंड ऑफ हार्टएक'ने तिचा एक साचा जगभर पोचवला. कडव्यात गर्जना, ध्रुवपदात सरळ, सुरेल गाणे. 'दशावतार' त्या शाखेतला नव्हे, शेजारचा आहे. पण कोडे तेच. चाल आणि तयारी एका घरात नांदवायची कशी?

गर्जनेला आपली माणसे फार बिचकतात. ती नुसती आरडाओरड नव्हे. खऱ्या स्वरतंतूंच्या वर गळ्यात ज्या घड्या असतात त्या कंपित करून हा आवाज काढतात. श्वासाचा आधार नसेल तर चार दिवसांत गळा बसेल. मेहनत आहे. आणि ज्या शहरात १९८१ साली ध्रुपद केंद्र सुरू झाले, जेथे उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांनी वर्षानुवर्षे शिष्य घडवले, त्या शहराने तरी नाभीतून उठणाऱ्या आवाजाला भिऊ नये. फरक आहे तो वेगळाच. ध्रुपदातली गमक कितीही जड असो, तिच्यात सूर सुटत नाही. येथे सूर मुद्दाम सोडलेला असतो. म्हणून तो परत येतो तेव्हा कसा येतो, हे पाहावे लागते.

माझी कसोटी जवळच्याच इंदूरची आहे. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) मेरुखंडाच्या तालमीत वाढले. मेरुखंड म्हणजे शुद्ध गणित: चार स्वरांच्या चोवीस मांडण्या होतात, साताच्या पाच हजार चाळीस. एवढी तयारी गळ्यात असलेला माणूस काय करतो? झुमऱ्याची अतिविलंबित लय घेऊन बसतो. त्यांच्या गाण्यात ते गणित कोठे दिसत नाही, पण प्रत्येक स्वर त्यातूनच आलेला असतो.

ही कसोटी लावली की 'दशावतार' काही ठिकाणी उतरतो, काही ठिकाणी नाही. ढोल वाजवणारा दोन्ही पायांनी चौपट लयीत धडधडत असतो आणि वर गळा संथ, लांब स्वर धरून राहतो, तेथे मला खरोखर आनंद झाला. तबलजीने दाट ठेका भरावा आणि गवयाने ठाय सोडू नये, तसा. उलट जेथे गर्जना थांबते, मग चाल येते, ती संपताच मधे काही घडलेच नाही अशा थाटात गर्जना पुन्हा सुरू होते, तेथे माझे मन उठते. या संगीताचे चाहते यालाच 'समतोल' म्हणतात. हा वाण्याच्या तराजूचा समतोल झाला; एका पारड्यात चाल, दुसऱ्यात तयारी, आणि दोन्ही पुड्या वेगळ्या बांधलेल्या. मेटलकोअरचा तर हा जडलेला रोगच आहे.

पण तो रोग फक्त त्यांचा आहे, असे सांगणाऱ्या पालकांनी आपल्या गाण्याच्या स्पर्धा आठवाव्यात. दहा वर्षांची पोर सपाट तान घेते, सभागृह टाळ्या पिटते, आणि बंदिशीचा मुखडा समेवर कसा आला याची विचारपूस परीक्षकही करीत नाहीत. भैरव झाला की जोग, हे तानेवरून ओळखू आले नाही तरी बक्षीस मिळते.

म्हणून गिटार काढून घ्या असा सल्ला मी देणार नाही. एक मात्र करून पाहावे. वीज बंद करून मुलास म्हणावे, त्या गाण्याचे ध्रुवपद पेटीवर काढ. माझ्या एका विद्यार्थ्यास मी हेच सांगितले. 'दशावतार'मधली एक चाल त्याने हळूहळू जुळवली, ती पेटीवरही उभी राहिली, आणि पुढचा अर्धा तास तिला कोणता षड्ज मानावा यावर आम्ही वाद घालत बसलो. दुसऱ्या दिवशी तो आणखी एका संग्रहातले गाणे घेऊन आला. पेटीवर त्यातून चारच स्वर निघाले, तेही एकाच क्रमाने. तो स्वतःच हसला आणि म्हणाला, "गुरुजी, यात नुसती बोटेच होती."