नातवाची कंबर आणि आपली हौस

न्यू जर्सीतला माझा नातू तेरा वर्षांचा. वेगवान गोलंदाजी सुरेख करतो. प्रशिक्षक म्हणतात, बास्केटबॉल सोडा, बाराही महिने क्रिकेटच खेळवा. मुलगा आणि सून पेचात पडली. शब्बाथच्या जेवणानंतर मी नातवालाच विचारलं, "कंबर दुखते का रे?" तो हळूच म्हणाला, "थोडी. पण बाबांना सांगू नका, आजोबा."

तिथेच माझं मत ठरलं. त्याला समजावून, त्याच्यासमोरच मी मुलाला सांगितलं. वाढत्या वयात सतत वेगवान गोलंदाजी केली, तर कमरेच्या मणक्याला बारीक चीर पडू शकते. वेळीच विश्रांती मिळाली तर ती बहुधा भरून येते. दुखणं लपवलं तर बरं व्हायला कित्येक महिने लागतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला असा : आठवड्यातून १-२ दिवस सुट्टी, वर्षातून एकूण ३ महिने त्या खेळाला विराम आणि साधारण १५-१६ वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळाला जुंपू नये.

संधी हुकेल, ही भीती मला पटत नाही. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर २०१५ मध्ये क्रिकेट मागे ठेवून कॉर्नेल विद्यापीठात शिकायला आला. २०२४ च्या विश्वचषकात पाकिस्तानला हरवणारी अमेरिकेची सुपर ओव्हर त्यानेच टाकली, वयाच्या ३२व्या वर्षी!

आता आधी डॉक्टर, मग अकादमी. आजी-आजोबांनो, फोनवर "विकेट किती?" याआधी "दुखतं का कुठे?" एवढं विचारा. आईबापांपासून लपवलेलं नातवंडं आपल्याला सांगतात.