मेरिटच्या गाडीतले वजन

टूरिंग कार रेसिंग म्हणजे रस्त्यावर धावणारीच गाडी शर्यतीसाठी तयार करून पळवणे. मारुती एस्टीम, होंडा सिटी, पोलो या गाड्या आपल्याकडे अशाच धावल्या. राष्ट्रीय अजिंक्यपदाचा हंगाम एफएमएससीआय या संघटनेच्या मान्यतेने होतो. फेऱ्या प्रामुख्याने चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई आणि कोइमतूरच्या ट्रॅकवर.

कोल्हापूर या खेळात मागे नाही. इथल्या मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय गो-कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या. ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या अमिओ कपमध्ये चमकला, कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. त्यांचे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. या ‘राष्ट्रीय’ रांगेत उभे राहण्याची संधी राष्ट्रातल्या किती घरांना आहे?

अमिओ कपसारख्या स्पर्धेत सर्वांना एकसारख्या गाड्या देतात. कारण गाडी नव्हे, चालक जिंकला पाहिजे. म्हणजे समान साधनांशिवाय गुणवत्ता मोजता येत नाही, हे रेसिंगवाल्यांना मान्य आहे! ब्रिटनच्या टूरिंग कार स्पर्धेने तर याहून पुढचे पाऊल टाकले. गुणतक्त्यात जो पुढे, त्याच्या गाडीत जादा वजन ठेवण्याचा नियम तिथे अनेक वर्षे होता. 2022 मध्ये वजन गेले, पण पुढच्यांना मिळणारी विजेची जोड कमी करण्यात आली. हेतू शर्यतीत चुरस राहावी एवढाच, सामाजिक न्यायाचा नव्हे. तरीही ‘मेरिट बुडाले’ म्हणून तिथे कुणी छाती पिटली नाही. इथे मात्र शतकानुशतके वजन वाहणाऱ्याच्या पाठीवरचे ओझे थोडे हलके केले, की मेरिटवाले रस्त्यावर उतरतात!

समानता सुरुवातीच्या रेषेवर आहे, प्रवेशद्वारावर नाही. गाडी, टायर, इंधन, सराव, प्रवास आणि अपघातातील नुकसान हा सारा भार चालकाच्या घराने किंवा त्याच्या पुरस्कर्त्याने उचलायचा. सुरुवात लहानपणी कार्टिंगपासून करावी लागते. ज्या घरात सायकल घेताना दहादा विचार होतो, त्या घरातला मुलगा किती वेगवान आहे, हे कोण तपासणार?

आणि हाच मुलगा मोठा होऊन शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत भट्टीसमोर उभा राहतो. वाहन उद्योगाला लागणारे ओतीव भाग कोल्हापूर पुरवते. लोखंड ओतणारे हात आमचे. स्टिअरिंगवरचे हात कुणाचे?

हे करवीर आहे. 26 जुलै 1902 रोजी राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या. त्याच राजाने खासबागचे कुस्ती मैदान उभारले आणि मल्लांना आश्रय दिला. गरिबाच्या पोराला नुसते ‘आखाडा सर्वांना खुला आहे’ म्हणून भागत नाही, त्याच्या खुराकाची सोय करावी लागते, हे त्यांना कळत होते.

मोटार रेसिंगचा खुराक म्हणजे पैसा आणि तंत्रशिक्षण. म्हणून मागणी साधी आहे. कार्टिंगच्या निवड चाचण्या जिल्हा परिषद आणि नगरपालिका शाळांतील मुलांसाठी विनाशुल्क व्हाव्यात. निवडलेल्यांचा खर्च शासन आणि वाहन कंपन्यांनी उचलावा. आयटीआयच्या विद्यार्थ्यांना रेसिंग संघांत मेकॅनिक म्हणून उमेदवारी मिळावी. आपल्या कार्यकर्त्यांनीही हा श्रीमंतांचा खेळ म्हणून तोंड फिरवू नये. ज्या दाराकडे आपण पाठ फिरवतो, ते दार बंद ठेवण्याचे कष्टही प्रस्थापितांना पडत नाहीत.

आधी सर्वांना रेषेवर येऊ द्या. मग मेरिटचा झेंडा खुशाल फडकवा!