अनोयाच्या बायका

ग्रीसच्या क्रीट बेटावर सिलोरितिस पर्वताच्या उतारावर अनोया नावाचं मेंढपाळांचं गाव आहे. त्याचा इतिहास वाचायला घेतला की आधी आगीच दिसतात. १८२२ आणि १८६७ मध्ये तुर्की फौजांनी गाव जाळलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १३ ऑगस्ट १९४४ रोजी, जर्मन सेनापती म्युलरने हुकूम काढला: गाव जमीनदोस्त करा, गावात आणि भोवतालच्या एक किलोमीटरमध्ये सापडेल त्या पुरुषाला ठार करा. गावाचा गुन्हा काय, तर बंडखोरांना आसरा दिला. पळवून नेलेला जर्मन जनरल क्राइपेही याच गावावरून नेला होता म्हणे.

तो हुकूम आज चौकात दगडावर कोरलेला आहे. असावाच. पण पुढची गोष्ट मला जास्त मोठी वाटते, आणि नेमकी तीच दोन ओळींत उरकतात. डोक्यावर छप्पर नाही, कित्येकींचा नवरा गेलेला; अशा बायका मागावर बसल्या. विणकाम त्यांना नवं नव्हतं, पण पूर्वी ते घरापुरतं, मुलीच्या लग्नात द्यायच्या कापडापुरतं असायचं. आता ते विकून चूल पेटू लागली. आधी लोकर धुवायची, पिंजायची, कातायची, रंगवायची, विणणं त्यानंतर! स्वयंपाक, मुलंबाळं होतीच.

पर्यटक या कापडाला हौसेने ‘हस्तकला’ म्हणतात. माझ्या मते ही गावाच्या पुनर्बांधणीची मजुरी होती, आणि गवंड्याच्या कामाशेजारी तिची नोंद व्हायला हवी.