रक्ताची परीक्षा कोणी द्यावी?

वाचकहो, चित्रपट म्हणजे निव्वळ करमणूक, असे समजून आपण तिकिटाचे पैसे मोजतो आणि काळोखात जाऊन बसतो. त्या काळोखात आपल्याविषयी काय सांगितले जाते, याचा जाब दिग्दर्शकास विचारावा असे आपल्या मनातही येत नाही. प्रस्तुत लेखक चित्रपटांचा व्यसनी आहे; म्हणूनच तो हा जाब विचारीत आहे.

१९३६ साली फ्रान्झ ऑस्टेन या जर्मन दिग्दर्शकाने 'अछूत कन्या' काढला. फाटकवाल्याची कस्तुरी ब्राह्मणपुत्रावर प्रेम करते आणि शेवटी आगगाडीखाली मरते. प्रश्न सुटला नाही, नायिकेची मात्र सुटका झाली!

१९५९ साली बिमल रॉय यांनी 'सुजाता' आणला. नूतनचा अभिनय पाहून डोळे ओलावले नाहीत, असे मी खोटे सांगणार नाही. परंतु अश्रू पुसून विचार करा. ब्राह्मण इंजिनियरच्या घरी वाढलेली ही अस्पृश्य पोर. परक्यांपुढे तिची ओळख 'मुलगी' अशी नव्हे, 'मुलीसारखी' अशी करून देतात. त्या एका 'सारखी'त सारी वर्णव्यवस्था दडलेली आहे, आणि ती हेरणारा दिग्दर्शक सामान्य नव्हे. मग शेवटी त्याने काय केले? घरची आई अपघाताने मरणोन्मुख होते, सुजाताचेच रक्त तिला जुळते, आणि ते दिल्यावरच आईला पोर आपली वाटते. का हो? माणुसकी सिद्ध करण्यासाठी शिरा उघडण्याची पाळी आमच्याच मुलीवर का यावी? जिने वर्षानुवर्षे दुजाभाव केला, तिची परीक्षा कोण घेणार? विशेष खेद याचा की, नायिकेचे नाव तथागतांना खीर अर्पण करणाऱ्या सुजातेचे आहे आणि चित्रपटात रवींद्रनाथांची 'चंडालिका'ही आहे. भिक्षू आनंदाने त्या मुलीच्या हातचे पाणी मागितले, तेव्हा तिच्यापाशी कसलाही दाखला मागितला नव्हता.

सत्यजित राय अधिक कठोर. प्रेमचंदांच्या कथेवरील त्यांच्या 'सद्गती'त (१९८१) दुखी उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता मरतो आणि ब्राह्मण त्याच्या पायाला दोरी अडकवून प्रेत ओढीत नेतो. येथे कोणाचे हृदयपरिवर्तन होत नाही, हा मोठाच प्रामाणिकपणा. वस्तीतील माणसे प्रेत उचलण्यास नकार देतात, तेवढाच प्रतिकार. तथापि दुखी स्वतः मरेपर्यंत हात जोडूनच राहतो.

आता नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) पाहा. कैकाडी कुटुंब डुकरे धरीत आहे, गाव गंमत पाहत आहे. इतक्यात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि तेच कुटुंब ताठ उभे राहते. पुढे धरलेले डुक्कर वाहून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज व गाडगेबाबा दिसतात. एकही शब्द उच्चारला जात नाही. 'सुजाता'तील साऱ्या संवादांहून ही भिंत मला अधिक बोलकी वाटते. मंजुळे करमाळा तालुक्यातले. हे जग पाहण्यासाठी त्यांना कोणाच्या ओसरीवर उभे राहावे लागले नाही.

जब्या कोणाला रक्त देत नाही, गाडीखाली जात नाही. तो दगड उचलतो. चिडवणाऱ्या पोरावर भिरकावलेला तो दगड पडद्यातून थेट प्रेक्षकांच्या अंगावर येतो. काही सुखवस्तू रसिकांना हा शेवट कटू वाटतो. 'सुजाता'चा शेवट त्यांना गोड वाटतो; साहजिकच आहे, तेथे रक्त त्यांचे गेले नव्हते.