ऐकणाऱ्यांचे केंद्र

एखाद्या आकाशवाणी केंद्राचा इतिहास लिहावयाचा झाला म्हणजे उद्घाटनाची तारीख, प्रक्षेपकाची शक्ती आणि अधिकाऱ्यांची नावे यांची नोंद आपण अगत्याने करतो. ऐकणाऱ्याची नोंद मात्र कोणी करीत नाही. छत्तीसगढमधील रायपूरची हकीकत सांगताना, वाचकहो, आरंभ त्या ऐकणाऱ्यापासूनच केला पाहिजे. कारण तेथे केंद्र मागाहून आले, श्रोता आधीपासून होता.

सन १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीत घरोघर पोहोचावे, ही त्यांची तळमळ खरी होती. परंतु त्या धोरणापायी चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली, आणि श्रोत्यांनी निमूटपणे रेडिओची खुंटी सिलोनकडे फिरविली. लघुलहरी आकाशातील विद्युद्भारित थरावर आदळून परत पृथ्वीवर येतात. म्हणून कोलंबोचे गाणे समुद्र ओलांडून रायपूरच्या ओसरीवर उतरत असे. बुधवारी रात्री अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ लागे; सकाळी जुन्या चित्रपटांतील गीते लागत आणि त्यांची सांगता कुंदनलाल सैगल यांच्या स्वराने होई. फर्माइशी कळविणाऱ्या गावांत राजनांदगाव व भाटापारा ही नावे देशभर कानावर पडू लागली. ज्या गावाचे नाव नकाशात शोधावे लागे, ते एका पोस्टकार्डाच्या बळावर सर्वांच्या तोंडी झाले!

श्रोत्यांचा हा मूक कौल सरकारलाही मानावा लागला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. आणि २ ऑक्टोबर १९६३ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, रायपूरला स्वतःचे केंद्र मिळाले.

जे सिलोनला कधीच साधले नसते, ते या केंद्राने केले. त्याने छत्तीसगढी भाषेला ध्वनिक्षेपकासमोर बसविले. ‘चौपाल’ कार्यक्रमातील बरसाती भैया शेतकऱ्यांशी त्यांच्याच बोलीत बोलू लागले. ‘सुर सिंगार’मधून खेड्यापाड्यांतील गीते ऐकू येऊ लागली. १९६५ मध्ये मनु नायक यांनी ‘कहि देबे संदेस’ हा पहिला छत्तीसगढी चित्रपट काढला. त्यासाठी नागपूरचे डॉ. हनुमंत नायडू यांनी गीते रचली आणि ती महंमद रफी यांच्यासारख्या गायकांनी गायिली. रायपूर केंद्रावरून ती गीते घराघरांत गेली. आपल्या आजीची बोली रफींच्या कंठातून ऐकताना त्या श्रोत्यांस काय वाटले असेल, याची कल्पना मराठी माणसास सहज करता येईल.

छत्तीसगढच्या श्रोतासंघांनी पुढे २० ऑगस्ट हा दिवस ‘श्रोता दिन’ म्हणून पाळण्याचा प्रघात पाडला. त्याचे मूळ आपल्याच प्रांतात आहे. ऑगस्ट १९२१ मध्ये मुंबईहून प्रक्षेपित केलेला एक संगीताचा कार्यक्रम गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी पुण्यात ऐकला होता. त्या दिवसाचे स्मरण करताना यंत्राचा गौरव न करता ऐकणाऱ्याचा गौरव करावा, हे रायपूरकरांना सुचले, यातच त्यांचे मोठेपण आहे.

वाचकहो, ध्वनिफीत कपाटात ठेवली म्हणून गाणे सुरक्षित राहते, असे समजू नये. फितीवरील लेप कालांतराने झडतो. आणि जे गाणे कोणी मागत नाही, त्याची नवी प्रत काढण्याची निकड कोणास वाटत नाही. गाणे जगते ते मागणीवर. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस आज संध्याकाळी एवढेच विचारा : ‘तुम्हांला कोणते गाणे पुन्हा ऐकावेसे वाटते?’ मग त्या गाण्याची फर्माइश आपल्या जवळच्या केंद्रास अवश्य कळवा. ते पत्र त्या गाण्याचे आयुष्य थोडे वाढवील. आणि विचारणारे कोणीतरी आहे, हे समाधान त्या वृद्ध श्रोत्यासही लाभेल.